भाड्याची झाडं

इंटिरियरच्या मासिकांत सोफ्यामागे, जिन्याखाली, पुस्तकांच्या कपाटाशेजारी जी हिरवीगार झाडं दिसतात, ती त्या घरांत राहत नाहीत. ती सकाळी टेम्पोतून येतात आणि संध्याकाळी टेम्पोतून परत जातात. मला हे माहीत आहे, कारण पुण्यात बरीच वर्षं असले फोटो मीच काढले आहेत. सोलापूर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून आम्ही झाडं भाड्यानं आणायचो. एरिका पाम, फिकस, रुंद पानांची डिफेनबेकिया. पोरं कुंड्या उतरवायची, ओल्या फडक्यानं पानं पुसायची, आणि मी कॅमेऱ्याला डोळा लावून ‘अजून आत घे, कोपऱ्यात, अजून’ असं सांगत राहायचो. कोपरा जितका अंधारा, तितकं झाड त्यात उठून दिसे. अंधाराची फिकीर नव्हती. ट्रायपॉड होता, दोन-तीन सेकंदांचं एक्स्पोजर दिलं की कोपरा उजळायचा. फोटो बघून घरमालक खूश व्हायचे आणि टेम्पो गेल्यावर म्हणायचे, ‘अहो, तिथे खरंच एक झाड हवं.’ मग ते एक विकत आणायचे. पुढे त्याचं काय झालं, हे विचारायला मी कधी गेलो नाही.

इतकं सगळं ठाऊक असलेल्या माणसानं स्वतःच्या घरात नेमकं तेच करावं, हे मला आजही नीट समजावून सांगता येत नाही. आम्ही नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलो, तेव्हा हॉल कसा दिसायला हवा याचं चित्र माझ्या डोक्यात तयारच होतं. दुसऱ्यांच्या घरांत मीच ते शंभरदा रचलेलं होतं. फरक एवढाच, की आमच्या दाराशी संध्याकाळी टेम्पो येणार नव्हता.

वास्तुशांतीला सासऱ्यांनी वडाचं बोन्साय दिलं. अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, राहायला साताऱ्यात. त्यांच्या जुन्या वाड्याच्या भिंतीत फुटलेलं रोप त्यांनी मुळासकट सोडवून घेतलं होतं, आणि गच्चीवर, उन्हातान्हात, उथळ ट्रेमध्ये वाढवलं होतं. त्याचं खोड मनगटाएवढं झालं होतं, दोन बारीक पारंब्या मातीला टेकल्या होत्या. बायको लग्नाआधीपासून ते बघत आली होती. अण्णांनी एसटीनं, मांडीवर धरून आणलं.

मी ते टीव्ही युनिटवर ठेवलं. मागे पांढरी भिंत, वरून एक छोटा स्पॉटलाइट. फोटो काढला, फार चांगला आला. बाल्कनी तिथून बारा-पंधरा फुटांवर होती. पण हॉल लख्ख वाटायचा, दिवसा पेपर वाचायला दिवा लागत नसे. पेपर वाचता येतो म्हणजे झाडाला पुरेसा उजेड आहे, हा हिशोब मी कुठून आणला कोण जाणे. बहुतेक लोक तो तिथूनच आणतात.

थोड्या आठवड्यांत वडाला नवी फूट आली. पानं आधीच्यापेक्षा मोठी, फिकी आणि मऊ होती. दोन पेरांमधलं अंतरही वाढलेलं होतं. मी बायकोला म्हटलं, ‘बघ, मानवलंय त्याला.’ खरं तर ते झाड हात पसरून उजेड शोधत होतं. कमी उजेडात झाड पान पातळ आणि रुंद करतं, म्हणजे मिळेल तेवढं गोळा होईल. आणि खोड लांबवतं, म्हणजे जमलं तर अंधारातून बाहेर पडता येईल. बोन्साय करणाऱ्या माणसाला मोठं झालेलं पान बघून धडकी भरते. मला आनंद झाला.

फांद्या बाल्कनीकडे झुकायला लागल्या होत्या. चार्ल्स डार्विननं आपल्या मुलाबरोबर, फ्रान्सिसबरोबर, गवताच्या कोवळ्या कोंबांवर याच झुकण्याचे प्रयोग केले होते. कोंबाचं टोक झाकलं की तो उजेडाकडे वळत नाही, म्हणजे उजेड जाणवतो तो टोकाला, हे त्यांनी १८८० च्या पुस्तकात लिहून ठेवलं. माझ्यासमोर तोच प्रयोग फुकट चालला होता. मी काय केलं, तर दर रविवारी कुंडी अर्धी फिरवू लागलो. झुकलेलं झाड फ्रेममध्ये बरं दिसत नाही. झाडाला जे एकच सांगता येत होतं, ते मी आठवड्याच्या आठवड्याला पुसून टाकत होतो.

दिवाळीत अण्णा आले. त्यांनी वडापाशी उभं राहून मातीत बोट घातलं, बोट पुसलं आणि विचारलं, ‘इथे ऊन कुठून येतं?’

‘थेट ऊन नाही येत, अण्णा. पण उजेड भरपूर आहे,’ मी भिंतींकडे हात करून म्हणालो.

‘बघा बुवा. उजेडातलं तुम्हाला जास्त कळतं, जावईबापू.’

त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मी वाद घातला असता, आणि वाद जिंकायला का होईना, कपाटातून लाइटमीटर काढला असता.

त्यानंतर पानं गळायला लागली. आधी खालची पिवळी पडून, मग वरची हिरवीच्या हिरवी. पान गळतंय म्हणजे तहान लागली, असं समजून मी पाणी वाढवलं. इथे दुसरी चूक पहिलीच्या खांद्यावर चढून बसली. पाणी वर ओढायला झाडाला उजेड लागतो. पानं उन्हात काम करतात, त्यांच्यातून वाफ निघते, तेव्हा मुळं पाणी खेचतात. कामच बंद पडलेलं झाड पाणी पिणार कसं? ट्रेमधली माती कायम ओली राहू लागली. संध्याकाळी टीव्हीच्या पडद्यासमोर बारीक चिलटं फिरायची. मी त्यांच्यासाठी अगरबत्ती लावली.

पुढे एक दिवस नखानं खोडाची साल खरवडली. जिवंत फांदीवर सालीखाली ओला, पोपटी थर दिसतो. तिथे तपकिरी, कोरडं निघालं. अजून खाली खरवडलं, तिथेही तेच. ट्रे उपडा केला तर मुळं हातात सालीसारखी सुटून आली, आतला बारीक दोरा तेवढा उरला, आणि गटाराचं झाकण उघडल्यावर येतो तसा वास आला. बायको मागे उभी होती. ती काही बोलली नाही, बाल्कनीत जाऊन कपडे काढायला लागली. ते अजून वाळलेही नव्हते.

अण्णा फोनवर विचारायचे, ‘वड काय म्हणतोय?’ मी सांगायचो, ‘मजेत आहे.’ असं बरेच महिने चाललं. ते पुन्हा आले तेव्हा त्या ट्रेमध्ये मी जेड लावून ठेवलं होतं. त्यांनी ते पाहिलं, चहा घेतला, आणि विषय काढला नाही. अजूनही काढलेला नाही. जेडही पुढे गेलंच. ते मी त्याच जागी ठेवलं होतं.

मीटर मी त्यानंतर काढला, तोही झाडासाठी नाही. जुनं सामान विकायला काढताना तो चालू आहे का ते बघत होतो. हातात धरायचा, वर पांढरा घुमट असलेला मीटर. घुमटावर जेवढा उजेड पडतो, तेवढा तो मोजतो. भिंत पांढरी आहे की काळी, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. बाल्कनीत उन्हात धरला, आयएसओ ४०० ला त्यानं दाखवलं एफ १६, एक पाचशेवा सेकंद. हे मला न मोजताही सांगता आलं असतं. मग टीव्ही युनिटपाशी गेलो, जिथे वड होता तिथे घुमट धरला. एफ २.८, एक तिसावा सेकंद.

ज्यांनी कधी हातानं कॅमेरा लावला आहे, त्यांच्या पोटात हे वाचून जे झालं असेल, तेच माझ्या झालं. छिद्राचे पाच स्टॉप आणि वेळेचे चार, मिळून नऊ. दर स्टॉपला उजेड निम्मा होतो. एकाला दोननं नऊ पायऱ्या गुणत जा, ५१२ येतात. बाहेर जवळजवळ ऐंशी हजार लक्स, आणि वडापाशी एकशे साठ. साताऱ्याच्या गच्चीवर रुपया मिळवणाऱ्या झाडाला मी महिनोन् महिने पाव पैसाही देत नव्हतो. वर लावलेला तो स्पॉटलाइट फोटोपुरता होता. वीजबिल वाढतं म्हणून एरवी बंदच असायचा.

डोळ्यांना हे दिसत नाही, हा डोळ्यांचा दोष नाही. बाहुली लहान-मोठी होते, आतला पडदा स्वतःला जुळवून घेतो, म्हणून भर दुपारी रस्त्यावरून जिन्यात शिरलो तरी आपण पडत नाही. आपल्या जगण्याला ते सोयीचं आहे. पण मी तर डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नाही, हे शिकण्यात उमेदवारीची वर्षं घालवली होती. लग्नाच्या हॉलमध्ये ‘लाइट मस्त आहे’ म्हणणाऱ्या असिस्टंटला मी मीटर दाखवून गप्प करायचो. आणि घरी येऊन पांढऱ्या भिंतींकडे हात करून सासऱ्यांना सांगायचो, उजेड भरपूर आहे.

याहून खोल एक गैरसमज होता. तो कळायला आणखी वेळ लागला, आणि तो निव्वळ माझ्या धंद्याचा होता. कॅमेऱ्यात कमी उजेडाची भरपाई वेळानं करता येते. एका सेकंदात होत नसेल तर चार सेकंद द्या, आठ द्या, चित्र उमटतं. मला वाटायचं, झाडाचंही तसंच असेल. उजेड थोडा कमी असेल, पण दिवसभर मिळतोय ना? झाड दिवसभराचा उजेड साठवतं, हे खरंच आहे. पण कॅमेऱ्याला बसून राहायचा खर्च नसतो. झाडाचा श्वास अहोरात्र चालू असतो, त्यात साखर जळत असते. उजेड एका पातळीच्या वर गेला तरच मिळकत खर्चापेक्षा जास्त होते. त्या पातळीच्या खाली झाड दिवसाउजेडीही तोट्यातच असतं, मग त्याला कितीही तास तिथे ठेवा. ती पातळी झाडागणिक वेगळी. रानात मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणाऱ्या मनीप्लांट, सिंगोनियम, अ‍ॅग्लोनिमा यांचं थोडक्यात भागतं. वडाचं भागत नाही, तो स्वतःच दुसऱ्यांवर सावली धरणारा आहे.

तोट्यातलं झाड लगेच मरतही नाही. खोडात, मुळांत साठवलेलं असतं, ते काढून खात बसतं. म्हणून नर्सरीतून आणलेलं झाड पहिले दोन-तीन महिने कुठेही छान दिसतं, आणि आपण पाहुण्यांना सांगतो की याला फारसा उजेड लागत नाही. झेडझेड आणि स्नेक प्लांटची ‘अंधारात वाढणारी झाडं’ म्हणून जी ख्याती आहे, तिच्यातला बराच भाग एवढाच आहे की ती फार सावकाश मरतात. झेडझेडच्या मातीखाली बटाट्यासारख्या गाठी असतात. तेवढ्यावर ते वर्षभरही काढू शकतं.

मीटर हाती आल्यावर मी शहाणा झालो असेन असं कुणाला वाटत असेल, तर तसं नाही. नवीन मुसलमान जोरात बांग देतो म्हणतात, तशातली गत. एप्रिलमध्ये मी हॉलमधली पीस लिली उचलून गच्चीवर ठेवली. बिचारीला खूप सोसावं लागलं, आता पोटभर खाऊ दे. संध्याकाळी वर गेलो तर पानांवर पांढरे, कागदासारखे डाग. सावलीत तयार झालेलं पान पातळ असतं, आणि एकदा तयार झालं की ते बदलत नाही; उन्हाची सवय नव्या पानाला लागते, जुन्याला नाही. नर्सरीवाले झाडं आधी पंचाहत्तर टक्क्यांच्या हिरव्या जाळीखाली, मग पन्नासच्या, अशी टप्प्याटप्प्यानं उन्हात आणतात. त्या जाळीखाली उभा राहून मी भाड्याच्या झाडांवरून घासाघीस केलेली आहे.

मग पुस्तक आणलं. इंग्लंडमध्ये छापलेलं, सुरेख फोटोंचं (फोटो काढणाऱ्याबद्दल आता मला वेगळेच प्रश्न पडतात). त्यात दक्षिणेच्या खिडकीचं भारी कौतुक होतं: ऊन हवं असलेली झाडं दक्षिणेला ठेवा. आमच्या बेडरूमची खिडकी दक्षिणेची आहे. हिवाळ्यात तिथे ऊन पार पलंगापर्यंत यायचं, म्हणून पुस्तकावर विश्वास बसला, आणि मी अडेनियम तिथे ठेवून मोकळा झालो. मार्चनंतर ऊन मागे सरकत सरकत खिडकीच्या चौकटीवर गेलं, आणि एप्रिल-मे या आमच्या सगळ्यात रणरणत्या महिन्यांत त्या खिडकीत उन्हाची तिरीपसुद्धा नव्हती. अडेनियमनं लांबच लांब दांडे काढले, फूल एकही नाही.

लंडनमध्ये सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. भर जूनच्या दुपारीही तो दक्षिणेला कललेला असतो. पुण्यात मेच्या मध्यावर तो बरोबर माथ्यावर येतो, सावली पायाखाली जाते, आणि तिथून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क उत्तरेला असतो. माथ्यावरचं ऊन छज्ज्यावर पडतं, खिडकीत नाही. हे मला माहीत नव्हतं असं कसं म्हणू? मे महिन्यातल्या लग्नात दुपारी बाराला नवरा-नवरीला मी कधी उघड्यावर उभं केलं नाही, कारण ऊन सरळ वरून येतं आणि भुवयांच्या सावल्यांनी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. तीस वर्षं मी वऱ्हाडी मंडळींना हे कारण देऊन मांडवात आणलं. त्याच सूर्याचा माझ्या खिडकीशी संबंध आहे, हे पुस्तक बाजूला ठेवल्यावर सुचलं.

आता मी खिडकीची दिशा विचारत नाही. झाडाच्या जागी डोकं नेऊन बघतो की तिथून आभाळ किती दिसतं. समोरची इमारत दिसणं म्हणजे आभाळ दिसणं नव्हे. यासाठी जमिनीवर बसावं लागतं, कधी आडवं व्हावं लागतं. पाहुणे असताना करू नये. एरवी भर दुपारी पानाच्या वर फूटभरावर हात धरायचा. सावलीत बोटं मोजता आली तर उजेड चांगला, नुसता धूसर डाग पडला तर मध्यम, आणि सावली शोधावी लागली तर तिथे दिवा ठेवावा. मीटरनं आणखी काही फुटकळ गोष्टी कळल्या. डासांची जाळी अर्ध्या स्टॉपहून जास्त खाते. बिल्डरनं हौसेनं बसवलेली काळसर काच दीड स्टॉप. आणि पावसाळ्यात, जून ते सप्टेंबर, बाल्कनीतसुद्धा तीन-तीन स्टॉप जातात. त्या दिवसांत घरातल्या कुंड्यांना पाणी घालायचा वार ठरवून ठेवणं हा माझ्या मते अजामीनपात्र गुन्हा आहे.

त्या नर्सरीत मी पुन्हा गेलो, या वेळी फोटोचं काम नसताना. मालकांना वडाचं सांगितलं, आणि विचारलं की तुमची भाड्याची झाडं इतकी वर्षं आम्ही अंधारात नेऊन ठेवतोय, ती कशी टिकतात?

‘टिकतात कसली साहेब, फिरवतो आम्ही,’ ते म्हणाले. ‘ऑफिसात आठवडाभर ठेवली की पुढे तीन आठवडे नेटखाली. एका जागेसाठी चार झाडं लागतात. तुम्ही कधी विचारलंच नाही.’

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीच्या कमिटीनं तळमजल्याच्या लिफ्टसमोर झाडं ठेवायचं ठरवलं. तिथे खिडकी नाही. मी मीटर घेऊन गेलो, ऐंशी लक्स भरले, तसं मीटिंगमध्ये सांगितलं. चेअरमन म्हणाले, ‘ट्यूब दिवसभर चालूच असते की.’ ठराव झाला. शेवटी मी नर्सरीवाल्यांची रीत मांडली: एकसारखे आठ एरिका घ्यायचे, दोन खाली, सहा गच्चीवर अर्ध्या सावलीत, दर सोमवारी दोन बदलायचे. वॉचमनदादांनी कुरकुर केली, मग लिफ्टनं न्यायला परवानगी मिळाल्यावर कबूल झाले.

चालू आहे ते अजून. गेल्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या काकूंनी मला जिन्यात थांबवलं. गच्चीवर पापड घालायला गेल्या होत्या. म्हणाल्या, ‘अहो, वरची झाडं केवढी छान आहेत, आणि तुम्ही खाली ही मरतुकडी ठेवलीत! वरचीच आणून ठेवा की कायमची.’

मी म्हटलं, ‘सोमवारी आणतो.’